डाव्या हाताचं वय

"काका, हलू नका हं. थेंब डोळ्यात जाईल."

मिठाच्या पाण्याचा थेंब माझ्या कपाळावरून भुवईपर्यंत आला होता. डॉ. केतकी खैरनारांनी तो कापसानं टिपला आणि माझ्या डोक्याभोवतीचा रबरी पट्टा पुन्हा एकदा आवळला. पट्ट्याखाली काडेपेटीहून जरा मोठे असे दोन ओले स्पंज होते, एक उजव्या कानाच्या वर टाळूकडे आणि दुसरा डाव्या भुवईवर. दोन्हींतून वायरी निघून टेबलावरच्या एका डबीत गेल्या होत्या. डबीत साधी बॅटरी होती.

"सुरू करू?"

"करा. या डोक्यात उजेड पडावा म्हणून आमच्या मास्तरांनीही फार खटपट केली होती."

त्या हसल्या आणि त्यांनी बटण फिरवलं. आधी काहीच कळलं नाही. मग स्पंजाखाली मुंग्या आल्या, थोडं खाजलं आणि हळूहळू तेही विरून गेलं. माझ्या डाव्या हाताच्या चिमटीत रबराचा एक लहानसा ठोकळा होता. तो दाबला की समोरच्या पडद्यावरचा ठिपका पुढे सरकायचा, सैल सोडला की मागे यायचा. पडद्यावर पाच घरं आखलेली होती. त्या घरांत सांगितलेल्या क्रमानं ठिपका नेऊन आणायचा, एवढंच काम. वीस मिनिटं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो आणि नाशकाच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या गादीवर बसून भांड्यांवर नावं टाकत होतो. म्हणजे तुमच्या घरच्या स्टीलच्या ताटावर, तांब्यावर, पातेल्याच्या काठाखाली बारीक ठिपक्यांच्या अक्षरांत 'मधल्या आत्याकडून सप्रेम भेट' असं जे असतं ना, ते. पेनासारखं थरथरणारं एक मशीन असतं, ते चिमटीत धरायचं आणि एका दमात अक्षर काढायचं. धातूवर खोडरबर चालत नाही. मामाचं नाव काकाच्या वर आलं म्हणून भर दुकानात रुसवेफुगवे झालेले मी पाहिलेत, आणि मोडलेल्या लग्नाची सत्तावीस ताटं घासून पुन्हा नव्या मुलीच्या नावानं तयार केली आहेत. निम्म्या नाशकाच्या स्वयंपाकघरात माझं अक्षर आहे. माझं नाव मात्र कुठेच नाही.

त्या वर्षी गणपती उठले आणि माझा हात बसला. एरवी उजवा हात ठणठणीत होता. जेवायला, शर्टाची बटणं लावायला, टाळी द्यायला कशाचीच अडचण नव्हती. पण मशीन उचललं की शेवटची दोन बोटं आपोआप आत वळायची, मनगट वाकडं व्हायचं आणि अक्षराऐवजी ओरखडा उमटायचा. मालिश झालं, लेप झाला, अक्कानं दृष्टही काढली. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हातात काही दोष नाही. तुमच्या मेंदूत या कामाचा जो नकाशा आहे ना, तो विस्कटलाय." आता नकाशा विस्कटला तर माणसानं जावं कुठं?

शेठ भला माणूस. म्हणाला, "दामोदरभाऊ, तुळशीचं लग्न लागेपर्यंत मी थांबतो. मुहूर्त सुरू झाले की मला गादी रिकामी ठेवता यायची नाही. लेझरचं मशीन बघून ठेवलंय." घरात बायको नव्हती, ती दोन वर्षांपूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. माझी थोरली बहीण, अक्का, विधवा होऊन माझ्याकडे राहायला आली होती. त्यामुळे ती गादी म्हणजे माझं नुसतं पोट नव्हतं. सकाळी उठून अंघोळ करून कुठं जायचं, याचं ते उत्तर होतं.

अशा वेळी त्या मेंदूच्या डॉक्टरांनीच मला केतकीबाईंकडे धाडलं. एका कॉलेजात त्यांचं संशोधन चालू होतं. उजवा हात कामातून गेलेल्या माणसांच्या डाव्या हाताला बारीक काम शिकवायचं, आणि शिकवताना डोक्याला बाहेरून हलका करंट द्यायचा. कापाकापी नाही, सुई नाही, गोळी नाही. एकूण दहा बैठका.

"करंट शिकवतो का मग?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"नाही काका. शिकणार तुम्ही. करंटमुळे ते शिकणं जरा लवकर मुरतं का, एवढंच मला बघायचंय. आणि आधीच सांगते, काहीजणांना फक्त सुरुवातीला मुंग्या येतात आणि मग मशीन आपोआप बंद होतं. तुम्ही त्यातले की खऱ्या करंटातले, हे तुम्हाला कळणार नाही. मलाही नाही. ते पाकिटात बंद आहे आणि पाकीट शेवटी उघडायचं."

"म्हणजे लग्न लागेपर्यंत अंतरपाट."

"तसंच समजा."

मग त्यांनी एक छापील कागद काढून भराभर प्रश्न विचारले. लिहिता कोणत्या हातानं? उजव्या. काडी ओढता? उजव्या. दात घासता, कंगवा फिरवता, चेंडू फेकता? सगळं उजव्या. झाडू? तो अक्का मारते. जेवता?

"डॉक्टरबाई, हा काय प्रश्न झाला? डाव्या हातानं जेवतं का कुणी?"

त्यांनी हसत हसत खूण केली. "शंभरपैकी शंभर उजवे. मला असेच हवेत. नाहीतर मोजमाप बिघडतं."

शाळेत कधी मिळाले नव्हते इतके गुण मिळाले म्हणून मी खुशीत घरी आलो.

तर ती वीस मिनिटं. खोली तिसऱ्या मजल्यावर होती, खिडकीला निळसर पडदा होता आणि दुपारी तीनचा उजेड त्यातून गाळून आल्यासारखा आत यायचा. यंत्राचा आवाज नाही, कुणाचं बोलणं नाही. ठिपका पुढे, ठिपका मागे. पहिल्या दिवशी मी त्या ठिपक्याच्या मागे नुसता धापा टाकत होतो. दुसऱ्या दिवशी मध्येच कधीतरी मी ठिपक्याकडे बघायचंच विसरलो आणि हात आपला चालत राहिला. मी त्या खोलीतून निसटलो. झोपलो नव्हतो, डोळे सताड उघडे होते. पण समोर पडद्याच्या जागी शेणानं सारवलेली जमीन होती, तिच्यावर उन्हाचा चौकोन पडला होता आणि लांबून ठण्‌ ठण्‌ ठण्‌ असा हातोड्यांचा आवाज येत होता. तो आवाज मला माहीत होता. आम्ही तांबट, आळीत जन्मलेलो. तो आवाज ऐकतच आम्ही रांगायला शिकतो.

उन्हाच्या चौकोनात एक पांढरी पिशवी होती. तिचं तोंड शिवलेलं होतं आणि आत काहीतरी जिवंत वळवळत होतं. मला ती पिशवी उघडायची होती, पण उघडायला माझ्याकडे काहीच नव्हतं. एवढ्यात डॉक्टरबाईंनी "झालं काका" म्हटलं आणि मी परत आलो. गाल ओले होते. मला वाटलं, मिठाचं पाणीच ओघळलं असेल.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच पिशवी. चौथ्या दिवशी पिशवीजवळ लाल रिबिनीची एक वेणी लोंबत होती.

"या करंटनं स्वप्नं पडतात का हो?" मी विचारलं.

"छे. इतक्याशा करंटनं स्वप्नंबिप्नं काही पडत नाहीत. निवांत खुर्चीत बसलात की डोळा लागत असेल."

"डोळा लागला तर ठिपका कोण चालवतं?"

यावर मात्र त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "तेच मला विचारायचंय. हे बघा." पडद्यावर बऱ्याच रेषा होत्या, प्रत्येक माणसाची एक. सगळ्या बापड्या कसारा घाटातल्या मालगाडीसारख्या रेटत रेटत वर चढत होत्या. एक रेषा मात्र जिना चढावा तशी धडाधड वर गेली होती. "ही तुमची. चार दिवसांत तुम्ही जिथं आलात ना, तिथं यायला बाकीच्यांना महिना लागेल. काका, माझे गाईड दोन वर्षं मला सांगतायत, यातून काही निघत नाही, विषय बदल. मार्चमध्ये परिषद आहे. मी ही रेषा तिथं दाखवणार आहे."

इतका वेळ गंभीर असलेली ती बाई तेव्हा लहान पोरीसारखी दिसली. मलाही आनंद झाला, का नाही होणार? मी बावन्नाव्या वर्षी पहिला आलो होतो.

सहाव्या दिवशी ठिपक्याचं काम आटोपल्यावर त्यांनी मला माझं मशीन वापरायला दिलं. मी ते आणि एक जुनी ताटली घरून घेऊनच गेलो होतो. "विचार न करता काहीही काढा," त्या म्हणाल्या. मशीन डाव्या चिमटीत धरलं. ते थरथरलं आणि हाताला ते इतकं ओळखीचं वाटलं, की मीच दचकलो. मी 'क' काढला. ठिपके समान अंतरावर होते, सगळे सारखेच खोल होते. फक्त 'क' उलटा होता, आरशात दिसावा तसा. पुढचा 'ग'सुद्धा उलटा.

"असू दे, पुष्कळांचं होतं तसं," म्हणत त्यांनी वहीत टिपून घेतलं. मला मात्र त्या अक्षरांकडे बघवेना. ती माझी अक्षरं नव्हतीच. माझी अक्षरं छापल्यासारखी बसतात. ही ऐसपैस, ढगळ, ताटलीच्या काठाबाहेर जाऊ बघणारी होती.

ती ताटली मी अक्काला दाखवायला नेली. दुपार कलली होती, अक्का उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. मी ऐटीत ताटली तिच्यापुढं धरली. "बघ. डाव्या हाताची कमाई. तुळशीच्या लग्नाला मी गादीवर असणार."

अक्कानं ताटली घेतली. बघत राहिली. मेथीची जुडी तिच्या मांडीवरून खाली घसरली तरी तिला कळलं नाही.

"उलटं काढलंस."

"होतं म्हणे तसं. सुटेल सवय."

"दामू," ती म्हणाली, "तू असंच काढायचास. पाटीवर."

"कधी?"

"चार वर्षांचा होतास तेव्हा. या हातानंच." तिनं माझ्या डाव्या हाताला बोटही लावलं नाही, नुसतं हनुवटीनं दाखवलं. "तू डावरा होतास रे. पक्का डावरा. जेवायला बसलास की डावा हात पुढं, पेन्सिल दिली की डावा हात पुढं."

मला हसू आलं. "काहीतरीच काय सांगतेस?"

"दादा म्हणायचे," अक्का आमच्या वडिलांबद्दल सांगू लागली, "डावरं पोर तांबटाच्या काय कामाचं? एका हंड्यावर तिघं बसून ठोकतात, एकाचा हातोडा वर तर दुसऱ्याचा खाली. त्यात एक डावरा बसला की शेजारच्याचं डोकं फुटायचं. त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं तसं, त्यांच्या मामेभावाचं. ते वाईट नव्हते रे. घाबरले होते. आईला म्हणाले, पोराचा हात फिरव, नाहीतर हा आळीत बसायचा नाही. आईच्या मागं तान्ही सुमन. आईनं ते माझ्यावर सोपवलं. मी अकरा वर्षांची."

"मग?"

"मी तुझ्या सदऱ्याची डावी बाही शिवून टाकली."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"पिशवीगत," अक्का म्हणाली. "टोकाला दुहेरी टीप घातली, हात बाहेर येऊ नये म्हणून. तू दिवसभर त्या पिशवीत हात हलवत बसायचास. रडायचा नाहीस. नुसता हात हलवायचास आणि माझ्या तोंडाकडे बघायचास. उन्हात बसून. संध्याकाळी मी टीप उसवायचे, सकाळी परत घालायचे. चार महिने. एकदा तू दातांनी दोरा तोडलास तर मी तुला मारलंसुद्धा. मग एक दिवस बाही उसवली आणि हात बाहेर आलाच नाही. तसाच आत पडून राहिला. दादांनी पेढे वाटले."

माझ्या डोळ्यांपुढं तो उन्हाचा चौकोन आला आणि लाल रिबिनीची वेणी आली. मी खाली बसलो आणि सांडलेली मेथी गोळा करायला लागलो. उजव्या हातानं.

"पुढं तू दादांच्या हाताखाली बसला नाहीसच," अक्का म्हणाली. "स्टील आलं, हंडे गेले, आळीच बसली. मग कशासाठी केलं मी ते? तुझा उजवा हात वळायला लागला ना, त्या दिवसापासून मी झोपले नाही. मला वाटतं मीच केलं हे. आता ती डॉक्टरीण तुला तुझा हात परत देतेय. देव तिचं भलं करो."

त्या दुपारी मला अक्काचा राग आला का? खरं सांगतो, आला. थोडा वेळ आला. पण अकरा वर्षांच्या पोरीवर बावन्न वर्षांच्या माणसानं किती वेळ रागवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. डॉक्टरबाईंना उजवेच हवे होते. शंभरपैकी शंभर उजवा म्हणून त्यांनी मला घेतलं होतं, आणि मी निघालो डावरा. सांगावं? सांगितलं तर पट्टा सुटला, करंट गेला, गादी गेली. न सांगितलं तर बिघडतं कुणाचं? मी काही राजा हरिश्चंद्राच्या वंशातला नाही. कॉलेजच्या फाटकाशी पोचेपर्यंत मी तोंड बंद ठेवायचं पक्कं ठरवलं होतं.

स्पंज भिजवताना डॉक्टरबाई गुणगुणत होत्या. "सातवा दिवस काका. काल रात्री गाईडना तुमचा आलेख पाठवला. त्यांचा पहिल्यांदाच 'छान' असा निरोप आला."

पट्टा आवळला गेला. त्यांचा हात बटणाकडे गेला.

"डॉक्टरबाई, एखाद्याची रेषा खोटी निघाली तर काय होतं?"

"खोटी म्हणजे?"

"म्हणजे तो पोहायला शिकला असं तुम्ही म्हणता, आणि त्याला आधीपासूनच पोहता येत होतं."

त्यांनी हात मागे घेतला. "वाईट होतं. कुठल्या तरी गावातला डॉक्टर ते वाचून उद्या एखाद्या कारागिराला सांगेल, दहा दिवसांत तुमचा हात येईल. तो माणूस घरदार सोडून येईल. आणि त्याचा हात यायचा नाही."

असं म्हटल्यावर गप्प बसणं मला जमेना. गादी गमावून बसलेला तो माणूस मला समोर दिसायला लागला, आणि त्याला तोंड माझंच होतं. मी सगळं सांगितलं. डावरा, हंडा, हातोडे, शिवलेली बाही.

त्या ऐकत असताना स्पंजातलं पाणी माझ्या मानेवरून खाली जात होतं. मग टेबलावरचा तो छापील कागद उचलून त्यांनी माझी उत्तरं पुन्हा वाचली.

"हे प्रश्न परदेशातले आहेत," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "कोणत्या हातानं करता, एवढंच विचारतात. त्या हातानं करायला कुणी लावलं, हे विचारतच नाहीत. माझी सख्खी मावशी डावरी होती, तिच्या डाव्या हातावर चटक्याचा डाग आहे. मला सुचायला हवं होतं."

"माझी रेषा काढणार?"

"काढावी लागेल."

"उद्यापासून?"

"आत्तापासून काका." त्यांनी पट्टा सोडवला. माझा एक केसही ओढला जाऊ दिला नाही. टॉवेलनं माझं कपाळ, कान, मान पुसली.

"मला खरा करंट होता की नुसत्या मुंग्या, तेवढं तरी सांगता येईल का?"

"नाही. पाकीट शेवटी उघडणार. आणि तुम्ही यात नसाल तर तुमचं उघडायचं कारणच नाही."

"हात येईल का आता?"

"माहीत नाही. तुम्ही मला खरं सांगितलंत, मी तुम्हाला खोटं नाही सांगणार." दारापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या. "पण रोज करा. थोडं थोडं. आणि काका, सगळ्या माणसांना आता मी परत बोलावणार आहे. कुणाची बाही शिवली होती का, ते विचारायला."

पुढं त्यांचा प्रबंध झाला. रेषा साध्याच निघाल्या, गाजावाजा झाला नाही. पण त्यांच्या कागदावर एक प्रश्न वाढला, तो आता दुसऱ्या कॉलेजांतही विचारतात असं त्यांनी मला एकदा दुकानात येऊन सांगितलं. हो, दुकानातच. तुळशीचं लग्न लागलं तेव्हा मी गादीवर होतो, आणि आजही असतो. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मी घरी आलो तेव्हा माझ्यापाशी एक निकामी उजवा हात होता आणि एक डावा, ज्याच्यावरचा करंट निघून गेला होता.

अक्काला सांगितलं तर ती भडकलीच. "कशाला तोंड उघडलंस? तुला कुणी विचारलं होतं? ती देत होती ना परत!"

"तिच्या वहीत खोटं झालं असतं गं."

"आणि माझ्या वहीत?" अक्का ओरडली. पदर तोंडाशी धरून ती आत गेली. भांडी वाजली. मला वाटलं, स्वयंपाकघरात जाऊन रडत असेल. पण ती बाहेर आली ती तिचा पितळी डबा घेऊन. सासरहून तिनं एवढा एकच आणला होता. पुसून पुसून तिनं तो लखलखीत केला होता. तो तिनं माझ्यापुढं आदळला.

"टाक नाव."

"अक्का, हा नको. बिघडला तर भरून येत नाही."

"बिघडू दे. मी तुझा बिघडवला, तू माझा बिघडव. टाक."

"कुणाचं टाकू?"

"माझं. आणखी कुणाचं?"

मी डबा मांडीवर घेतला, मशीन डाव्या चिमटीत धरलं. कपाळ कोरडं होतं. डोक्याभोवती काही नव्हतं, मुंग्या नव्हत्या, पडद्यावर घरं नव्हती. मशीन थरथरायला लागलं, आणि त्याच्याबरोबर ती दुपारही हलकेच विरायला लागली. भिंत जरा लांब गेली, अक्का जरा लांब गेली. हात पितळेवर टेकला आणि निघाला. मी त्याला थांबवलं नाही, काय काढतोस म्हणून विचारलंही नाही. उजव्या हातानं मी अक्काचं नाव कितीदा टाकलं असेल. तिच्या लग्नात, तिच्या मंगळागौरीला, तिच्या हळदीकुंकवाच्या वाट्यांवर. सौ. शालिनी. लग्नात नवऱ्यानं तांदळात लिहिलेलं ते नाव, पस्तीस वर्षं ती त्याच नावाची होती. पण हा हात बाहीत गेला तेव्हा चार वर्षांचा होता आणि तेवढाच राहिला होता. त्याला शालिनी नावाची कुणी बाई माहीतच नव्हती.

मशीन बंद केलं. डब्यावर दोन अक्षरं होती. मोठी, ढगळ आणि सुलटी.

मथू.

माहेरी तिचं नाव मथुरा होतं. त्या नावानं हाक मारणारी आई गेली, दादाही गेले. मलाही ते आठवत नव्हतं, देवाशप्पथ आठवत नव्हतं.

अक्काला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा ती आतच विसरली होती. तिनं डबा जवळ ओढला आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं, आधी 'म'वरून, मग 'थ'वरून, मग खालच्या उकारावरून. बोट तिथंच थांबलं. आणि मागच्या अंगणातून कुणी बोलवावं तशी मान किंचित वळवून, लहान पोरीच्या आवाजात ती म्हणाली,

"ओ."